टायमिंग हलवण्याआधी गॅप मोजा

गेल्या दोन महिन्यांत जुन्या लहान इंजिनांच्या टायमिंगबद्दल, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते त्याबद्दल, बरीच पत्रे आली. बहुतेक पत्रांत तक्रार एकच: इंजिन उलटा झटका देते, किंवा सुरू होते पण ओढत नाही, आणि कुणीतरी सांगितले की टायमिंग बदला. म्हणून या वेळी निवडक प्रश्न एकत्र घेतले आहेत. सेलूच्या वाचकांचे उत्तर मुद्दाम लांब दिले आहे, कारण बाकीच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे त्यातच येतात.

प्रश्न: हाताने धरून चालवायचा जुना छोटा ट्रॅक्टर सेकंडहँड घेतलाय. एक सिलिंडर, पेट्रोलचं इंजिन, चाकातलं मॅग्नेट, दोरीने सुरू होतं. मागच्या महिन्यात नवीन पॉइंट टाकला. तेव्हापासून दोरी ओढली की उलटा हिसका बसतो. सुरू झालंच तर सोयाबीनच्या कोळपणीत लोड आला की खटखट करतं. मिस्त्री म्हणतो टायमिंग पुढे गेलंय, प्लेट फिरवावी लागेल. इंजिनाची पुस्तिका नाही. हे घरी करता येईल का?
— एक वाचक, सेलू, जि. परभणी

उत्तर: करता येईल. पण प्लेटला, म्हणजे पॉइंट आणि ठिणगी तयार करणारी कॉईल ज्यावर बसलेली असते त्या स्टेटर प्लेटला, हात लावायच्या आधी दोन गोष्टी बघा, कारण पॉइंट बदलल्यावर लगेच बिघाड सुरू झाला आहे. बिचारी प्लेट होती तिथेच असणार.

पहिली गोष्ट पॉइंटची गॅप. पॉइंट म्हणजे प्रवाह जोडणारा-तोडणारा छोटा स्विच, तो उघडला की ठिणगी पडते. उघडल्यावर त्याच्या तोंडांमध्ये राहणारी फट ती गॅप. नव्या पॉइंटची फायबरची टाच झिजलेली नसते. जुन्या पॉइंटच्या अंदाजाने तो बसवला तर गॅप मोठी राहते. गॅप मोठी म्हणजे कॅमने, म्हणजे शाफ्टवरच्या उंचवट्याने, टाचेला जरा उचलताच पॉइंट उघडतो, म्हणजे ठिणगी लवकर पडते. टायमिंग पुढे जाते ते असे. उलट गॅप कमी असेल तर पॉइंट उशिरा उघडतो आणि टायमिंग मागे पडते. गॅप आणि टायमिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे समजून काम केले की माणूस दिवसभर गोल गोल फिरतो.

दुसरी गोष्ट फ्लायव्हीलची (मॅग्नेटच्या चाकाची) चावी, म्हणजे क्रँकच्या खाचेत बसणारी अर्धचंद्राकृती की. पॉइंट बदलताना चाक काढले होते. परत बसवताना नट पुरेसा आवळला गेला नसेल, तर पहिल्याच जोराच्या झटक्याला चाक शाफ्टवर किंचित सरकते आणि चावी अर्धी कापली जाते. चाक पुलरने काढा. हातोडा मारू नका, शाफ्टचा आटा चेपतो आणि चुंबकही कमजोर होतात. चावी बाहेर काढून बोटाने चाचपा. मधोमध पायरीसारखा खाचा लागला तर ती कापली गेली आहे. एक मिलिमीटरची पायरीसुद्धा कित्येक अंशांचा फरक करते. चावी नवीन घाला, आणि मूळ होती त्याच धातूची. लोखंडी खिळा कापून घातलेली चावी पुढच्या वेळी शाफ्टची खाच खाते. चाक धरून ठेवण्याचे काम चावीचे नाहीच, ते शाफ्टच्या निमुळत्या भागाचे आहे. म्हणून तो भाग आणि चाकाचे भोक पेट्रोलने धुऊन कोरडे करा. तिथे तेल, ग्रीस काही लावायचे नाही.

या दोन्ही गोष्टी ठीक करून गॅप ०.४ मिलिमीटर ठेवा. या जातीच्या बहुतेक इंजिनांना ०.३५ ते ०.४५ मधली गॅप चालते. गॅप मोजायची ती कॅमच्या सगळ्यात उंच भागावर टाच असताना, पॉइंट पूर्ण उघडलेला असताना. स्क्रू आवळल्यावर पुन्हा मोजा, कारण आवळताना पॉइंटची बैठक हमखास सरकते. कॅमला तांदळाच्या दाण्याएवढे ग्रीस बोटाने चोळा. जास्त लावले तर ते उडून पॉइंटवर जाते आणि ठिणगीच बंद होते.

एवढे झाल्यावर दोरी ओढून बघा. दहापैकी सात इंजिनांचा हिसका इथेच जातो, असे आमचे मत आहे. तरीही हिसका राहिला तर टायमिंग मोजायला घ्या. ते अंदाजाने किंवा कानाने ठरवू नका.

आधी पिस्टनचा टॉप, म्हणजे तो सगळ्यात वर असतो ती जागा, शोधा. प्लगच्या भोकातून स्क्रू ड्रायव्हर घालून तो वर येतो ते बघण्याची पद्धत सगळीकडे आहे. पण टॉपच्या आसपास चाक आठ-दहा अंश फिरले तरी पिस्टन जवळजवळ हलत नाही, त्यामुळे ती चूक तशीच टायमिंगमध्ये उतरते. अचूक पद्धत अशी. एका टाकाऊ प्लगची चिनी माती फोडून काढा आणि त्याच्या धातूच्या कवचात आठ एमएमचा बोल्ट नटाने पक्का बसवा. बोल्टचे टोक कानशीने गोल करून घ्या. हा आडवा अडसर भोकात बसवला की पिस्टन टॉपला पोहोचण्याआधीच त्याला टेकतो. चाक हाताने हळू फिरवा. टेकले की इंजिनावरच्या एका पक्क्या खुणेसमोर चाकावर खडूने रेघ मारा. मग चाक उलट्या दिशेने फिरवा, पुन्हा टेकेल, तिथे दुसरी रेघ मारा. दोन रेघांच्या बरोबर मध्ये टॉप आहे. हे सगळे हातानेच करायचे. अडसर बसवलेला असताना चुकून दोरी ओढली तर पिस्टनला भोक पडेल.

तुमचे इंजिन साइड व्हॉल्व्हचे, म्हणजे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी असलेले, असेल तर प्लग कदाचित पिस्टनच्या वर नसून व्हॉल्व्हच्या वर असेल. मग अडसर कामाचा नाही. हेड काढा, एक जाड लोखंडी पट्टी दोन हेड बोल्टांना आडवी बांधा, तिच्यातून बोल्ट खाली सोडा आणि तीच रीत वापरा. हेडची पॅकिंग नवीन घेऊनच हेड खोला.

ठिणगी टॉपच्या काही अंश आधी पडायला हवी, म्हणून आता अंशांचे मिलिमीटर करायचे. शिंप्याच्या टेपने चाकाचा घेर मोजा. समजा व्यास २०० मिलिमीटर आहे, तर घेर ६२८ भरेल. ६२८ ला ३६० ने भागले की एका अंशाला १.७४ मिलिमीटर येतात, आणि २० अंशांना ३५ मिलिमीटर. टॉपच्या खुणेपासून ३५ मिलिमीटरवर नवी खूण करा, चाक ज्या दिशेला फिरते त्या दिशेला पुढे. इथे बरेच जण चुकतात, म्हणून पडताळून बघा: चाक चालत्या दिशेने फिरवल्यावर पक्क्या खुणेसमोर आधी ही नवी खूण यायला हवी आणि मग टॉपची. हातात पुस्तिका नसेल तर २० अंशांपासून सुरुवात करणे सुरक्षित. एकाच जागी पक्के टायमिंग असलेल्या लहान पेट्रोल इंजिनांचे टायमिंग सहसा २० ते २५ अंशांत असते.

आता पॉइंट नेमका कधी उघडतो ते बघायचे. चाकाला खिडकी असेल तर सोपे काम: सिगारेटच्या पाकिटावरच्या सेलोफेनची बारीक पट्टी पॉइंटच्या तोंडात धरा, ती हलकी ओढत चाक हळूहळू चालत्या दिशेने फिरवा. पट्टी सुटली, त्या क्षणी पॉइंट उघडला. त्याच वेळी नवी खूण पक्क्या खुणेसमोर असली पाहिजे. मल्टिमीटर वापरणार असाल तर आधी कॉईलची प्रायमरी वायर पॉइंटवरून काढा. ती वायर जागेवर असली तर जाड तारेच्या त्या वेटोळ्याचा रोध एक ओहमच्या आसपास असल्यामुळे पॉइंट उघडा असो की मिटलेला, मीटर दोन्ही वेळा ‘जोडलेले’ असेच सांगतो. मीटर बिघडला म्हणून तो आपटणारे या एकाच कारणाने आपटतात. खूण ओलांडून पुढे गेलात तर तिथूनच मागे येऊ नका. पाव फेरी मागे जाऊन पुन्हा चालत्या दिशेने या, म्हणजे बुशमधला ढिलेपणा मोजणीत येत नाही.

पॉइंट खुणेच्या आधी उघडत असेल तर टायमिंग पुढे आहे. स्टेटर प्लेटचे स्क्रू सैल करून ती प्लेट चाक फिरते त्याच दिशेने जराशी सरकवा, टायमिंग मागे येईल. उलट दिशेने सरकवली तर पुढे जाईल. मूळ जागेवर आधीच टोकदार सुईने ओरखडा काढून ठेवा.

गॅप कमी-जास्त करून टायमिंग जुळवायचा मोह आवरा. चुंबक कॉईलच्या पायांपासून सुटत असताना कॉईलमधला प्रवाह सगळ्यात जोराचा असतो आणि पॉइंट त्याच क्षणी उघडावा अशी मूळ रचना असते. प्लेट फिरवली की कॉईल आणि पॉइंट दोन्ही बरोबरच सरकतात, त्यामुळे ते नाते टिकते. गॅपने खेळ केला तर पॉइंट एकटा सरकतो आणि ठिणगी लालसर, पिचकी होते. मग टायमिंग खुणेवर बरोबर दिसते आणि इंजिन मात्र सुरूच होत नाही.

दहा तास काम झाल्यावर गॅप पुन्हा मोजा. नवीन टाच सुरुवातीलाच बसते आणि गॅप घटते. आणि तोपर्यंत दोरीची मूठ धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवा, मुठीभोवती वळवू नका.

प्रश्न: आमच्याकडे फिलर गेज नाही. हॅक्सॉ ब्लेडने पॉइंटची गॅप काढतात, ते बरोबर आहे का?
— एक वाचक, अंबड, जि. जालना

उत्तर: पॉइंटसाठी नाही. हाताच्या करवतीचे साधे ब्लेड साधारण ०.६३ मिलिमीटर जाड असते. ते प्लगच्या गॅपला चालेल, कारण या इंजिनांना प्लगची गॅप ०.६ च्या आसपासच लागते. पॉइंटमध्ये तेच ब्लेड घातले तर गॅप दीडपट होईल आणि वर सेलूच्या वाचकांना झाला तोच त्रास होईल.

गेज नसेलच तर दाढीचे दोन धारांचे ब्लेड घ्या. ते ०.१ मिलिमीटर जाड असते. चार ब्लेड एकावर एक ठेवले की ०.४. धारा चिकटपट्टीने झाका, आणि मधला सपाट भाग वापरा. तरी मोंढ्याजवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून गेज आणाच. एकदा घेतले की टॅपेट, पॉइंट, प्लग सगळ्याला तेच लागते. कॉईलचा पाय आणि चाकाचे चुंबक यांच्यामधले अंतरही त्यानेच बघता येते. ते साधारण ०.२५ ते ०.३५ असावे आणि दोन्ही पायांना सारखे.

प्रश्न: पॉइंट पंधरा दिवसांत जळतो. एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला टेंगूळ. आतापर्यंत तीन बदलले. प्लग बाहेर काढून बघितला तर ठिणगी दिसते, पण इंजिन कधी पेटतं, कधी नाही.
— एक वाचक, कळमनुरी, जि. हिंगोली

उत्तर: कंडेन्सर बदला. पॉइंट उघडताना कॉईलमधला प्रवाह तिथूनच उडी मारायला बघतो. त्या क्षणी त्याला सामावून घेणे हे कंडेन्सरचे काम. तो कमजोर झाला की प्रवाह पॉइंटवरच जळतो, एका बाजूचा धातू उडून दुसऱ्या बाजूला चिकटतो. अंधारात इंजिन चालू ठेवून पॉइंटकडे बघा. बारीक निळा ठिपका चालतो, पण फटफटीत पांढरी ठिणगी दिसली तर कंडेन्सर गेला. उलट तो आतून शॉर्ट झाला असेल तर पॉइंट कायम मिटल्यासारखाच राहतो आणि ठिणगी अजिबातच येत नाही.

या इंजिनांचा कंडेन्सर सहसा ०.१५ ते ०.२५ मायक्रोफॅरडचा असतो. नवा घेताना मूळच्याच मापाचा घ्या. त्याचे कवच प्लेटला घट्ट आणि स्वच्छ धातूवर बसले पाहिजे. रंगावर किंवा गंजावर बसवलेला नवा कंडेन्सरसुद्धा जुन्यासारखाच वागतो. रानातली काळी धूळ आणि तेलाची वाफ मिळून तिथे जो लेप बसतो, तो पॉलिश पेपरने घासून काढा. पॉइंटची तोंडे मात्र पॉलिश पेपरने घासू नका, त्याचे कण धातूत रुततात. बारीक पॉइंट कानस मिळते, ती वापरा, आणि शेवटी पेट्रोलमध्ये बुडवलेला कागद मिटलेल्या पॉइंटमधून एकदा ओढा.

आणि प्लग बाहेर काढून दिसलेल्या ठिणगीवर विसंबू नका. मोकळ्या हवेत ०.६ मिलिमीटर उडी मारायला ठिणगीला जोर लागत नाही. सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेतून जाताना कितीतरी जास्त जोर लागतो. प्लगची वायर इंजिनाच्या धातूपासून पाच-सहा मिलिमीटरवर रबरी पकडीच्या पक्कडीने धरा आणि दोरी ओढायला लावा. तेवढे अंतर निळी, टकटक वाजणारी ठिणगी तोडत असेल तर कॉईल ठीक. ही चाचणी करताना कार्बोरेटर गळत नाही ना, ते आधी बघा.

प्रश्न: पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायचं पंपाचं इंजिन आहे. रेशनचं निळं रॉकेल आता मिळत नाही, म्हणून पूर्ण पेट्रोलवर चालवतोय. टायमिंग बदलावं लागेल का? आणि नवीन पेट्रोलनं जुनी इंजिनं खराब होतात म्हणतात, ते खरं का?
— एक वाचक, औसा, जि. लातूर

उत्तर: रॉकेल दाबाखाली स्वतःहून लवकर पेटते, म्हणून त्यावर चालणाऱ्या इंजिनाचे कॉम्प्रेशन मुद्दाम कमी ठेवलेले असते आणि टायमिंग फार पुढे असून चालत नाही. पेट्रोलवर ते इंजिन निर्धास्त चालते. कुणी आधी रॉकेलसाठी टायमिंग मागे आणले असेल तर ते मूळ खुणेवर परत न्या, एवढेच. मागे राहिलेल्या टायमिंगची ओळख सोपी आहे: सुरू चटकन होते, पण पाण्याचा जोर कमी, सायलेन्सरमध्ये फटफट आणि त्याचा पाइप संध्याकाळी लालसर दिसतो. पुढे गेलेल्याची ओळख म्हणजे उलटा हिसका, लोडवर खटखट आणि प्लगचे टोक पांढरे भाजलेले.

ज्यांच्याकडे अजून थोडेफार रॉकेल आहे ते ते पेट्रोलमध्ये अंदाजाने मिसळतात. हे करू नका. मिश्रण रोज वेगळे असेल तर कोणतेच टायमिंग त्याला जुळणार नाही. शिवाय थंड इंजिनात न जळलेले रॉकेल रिंगांजवळून खाली ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी न भरता वाढलेली दिसली आणि वास आला, तर ते ऑइल लगेच बदला. त्यात बेअरिंग टिकत नाही.

आता नव्या पेट्रोलबद्दल. सध्या पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये सहसा २० टक्के इथेनॉल असते. त्यामुळे टायमिंग बदलायची गरज नाही, कारण इथेनॉलमुळे खटखट उलट कमी होते. त्रास दुसरीकडे होतो. जुने रबरी वॉशर आणि पाइप फुगतात, मऊ पडतात. कार्बोरेटरमध्ये बुचाचा फ्लोट असेल तर त्यावरचा लेप सुटतो आणि फ्लोट बुडतो. टाकीतला जुना चिकट थर सुटून जेटमध्ये येतो. इथेनॉल हवेतले पाणीही ओढते. पाणी जास्त झाले की ते इथेनॉलसकट वेगळे होऊन तळाशी बसते. शंका असेल तर कार्बोरेटरच्या वाटीचे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून दहा मिनिटे ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर ते टाकून द्या. हरभऱ्याचे पाणी संपले आणि इंजिन पंधरा दिवसांहून जास्त उभे राहणार असेल, तर टाकीचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे वाटी रिकामी होते. मिश्रणाचा स्क्रू असेल तर पाव आटा सैल करून बघा. या पेट्रोलवर जुनी इंजिने थोडी कोरडी चालतात.

प्रश्न: आजोबांच्या काळातला राखाडी फर्ग्युसन आखाड्यावर उभा आहे. चार सिलिंडर, प्लगचं इंजिन. इंजिन हँडलने फिरतं. डिस्ट्रिब्युटर कुणीतरी काढून ठेवलाय, तो कसा बसवायचा?
— एक वाचक, अंबाजोगाई, जि. बीड

उत्तर: हा टीई-२० असावा. हे ट्रॅक्टर इंग्लंडमध्ये कोव्हेंट्रीला १९४६ ते १९५६ या काळात बनले. जपून ठेवण्यासारखे यंत्र आहे, घाई करू नका. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा, एक रात्र जाऊ द्या, मग हँडलने फिरवा. प्लग बाहेरच राहू द्या, म्हणजे हँडलचा हिसका बसायचा धोका उरत नाही.

रेडिएटरकडून पहिला तो एक नंबरचा सिलिंडर. त्याच्या भोकावर अंगठा ठेवून फिरवा. अंगठा बाहेर ढकलला जातो तो कॉम्प्रेशनचा स्ट्रोक. हे बघणे इथे टाळता येत नाही, कारण डिस्ट्रिब्युटर, म्हणजे चारही प्लगना पाळीपाळीने ठिणगी वाटणारा भाग, क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो आणि चुकून एक्झॉस्टच्या टॉपवर बसवला तर पूर्ण अर्ध्या फेरीने चुकतो. टायमिंगची खूण आणि अंश तुमच्या इंजिनाच्या प्रकाराप्रमाणे पुस्तिकेतूनच घ्या. पेट्रोलच्या आणि रॉकेल जातीच्या इंधनाच्या इंजिनाचे आकडे एक नाहीत.

डिस्ट्रिब्युटर बसवण्याआधी रोटर (त्याचा आतला फिरणारा भाग) हाताने फिरण्याच्या दिशेने पिळून सोडा. तो स्प्रिंगने परत यायला हवा. आला नाही तर खालची टायमिंग पुढे नेणारी वजने गंजून अडकली आहेत, ती आधी मोकळी करा. पॉइंटची गॅप ०.३५ ते ०.४० ठेवा. मग बसवून, पॉइंटच्या बाहेरच्या टर्मिनलपासून बॉडीपर्यंत १२ व्होल्टचा साधा बल्ब जोडा आणि स्विच चालू करा. (सुरुवातीच्या काही गाड्या ६ व्होल्टच्या आहेत, बॅटरी बघून बल्ब घ्या.) पॉइंट मिटलेला असताना बल्ब विझलेला राहतो, उघडताच पेटतो. इंजिन खुणेवर ठेवून बॉडी रोटरच्या फिरण्याच्या उलट दिशेने हळू फिरवा, बल्ब पेटला तिथे क्लॅम्प आवळा. स्विच फार वेळ चालू ठेवू नका, पॉइंट मिटलेले असताना कॉईल तापते. रोटर ज्या टोकासमोर आला ती एक नंबरची वायर, आणि तिथून रोटरच्या दिशेने १-३-४-२ असा क्रम.

एक गोष्ट हमखास चुकते. या ट्रॅक्टरची मूळ वायरिंग पॉझिटिव्ह अर्थची आहे, म्हणजे बॅटरीचा अधिक ध्रुव बॉडीला. नवीन कॉईलवर अधिक-उणे लिहिलेले असेल तर अधिकचे टोक डिस्ट्रिब्युटरकडे जाते. उलटे जोडले तरी इंजिन चालते, पण ठिणगी कमजोर राहते, आणि मग लोक टायमिंगला दोष देतात.

प्रश्न: एक सिलिंडरच्या डिझेल इंजिनाचा फ्युएल पंप दुरुस्त करून आणला. आता सकाळी सुरू व्हायला त्रास आणि पांढरा धूर. त्याला तर प्लगच नाही, मग टायमिंग कसलं?
— एक वाचक, गेवराई, जि. बीड

उत्तर: डिझेलमध्ये ठिणगीऐवजी डिझेल सिलिंडरमध्ये शिरण्याची वेळ हेच टायमिंग. पंप खोलताना त्याच्याखालच्या पातळ पत्र्याच्या पॅकिंगांपैकी एखादी जास्त बसली असावी. पंप जितका वर उचलला जातो तितका प्लंजरला (पंपातल्या वर-खाली होणाऱ्या दांड्याला) छिद्र झाकायला उशीर होतो. पॅकिंग वाढवली की टायमिंग मागे, कमी केली की पुढे. लहान इंजिनांत ०.१ मिलिमीटर पॅकिंगने साधारण एका अंशाचा फरक पडतो. जुन्या पॅकिंगा वर्कशॉपमध्येच राहिल्या असतील तर आधी त्या मागा आणि किती होत्या ते विचारा.

तपासायचे असे: डिलिव्हरी व्हॉल्व्हचा होल्डर खोलून आतला व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग काढा, स्वच्छ डिझेलच्या वाटीत ठेवा, कापसाच्या बोळ्याने पुसू नका. होल्डर परत बसवून त्याला वाकवलेली छोटी नळी लावा. टाकीचा कॉक उघडा, पंपाचा रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी दांडी, पूर्ण डिझेलच्या जागी ठेवा. नळीतून धार येईल. कॉम्प्रेशनच्या स्ट्रोकवर चाक चालत्या दिशेने हळूहळू फिरवा. धार बारीक होत थेंबावर येईल आणि थेंब थांबेल. थांबला तो क्षण म्हणजे टायमिंग. तिथे चाकावरची खूण बघा. खूण नसेल तर वर सांगितल्याप्रमाणे घेरावरून मोजा. ६५० फेऱ्यांच्या जुन्या ६ हॉर्सपॉवरच्या लिस्टर पद्धतीच्या इंजिनाला हे टॉपच्या २० अंश आधी हवे. जास्त फेऱ्यांच्या इंजिनाचा आकडा त्याच्या पाटीवर किंवा पुस्तिकेत बघा.

पांढरा धूर फक्त टायमिंगनेच येतो असे नाही. गळका नॉझल आणि कमी कॉम्प्रेशन हेही तसाच धूर देतात, म्हणून पॅकिंगला हात लावण्याआधी नॉझल टेस्टरवर दाखवा. टायमिंग पुढे गेले तर धूर जाईल, पण ठोका कडक होईल. त्या ठोक्यावर चालवत राहिल्यास पिस्टनची पिन आणि बेअरिंग लवकर झिजतात. काम झाल्यावर पाइपमधली हवा काढा. नॉझल बाहेर काढून फवारा बघताना त्याच्यासमोर हात धरू नका. तो फवारा कातडी फोडून आत जातो. बाहेरून जखम सुईच्या टोकाएवढीच दिसते, तरी त्याच तासाला दवाखान्यात जा आणि डिझेल दाबाने आत गेले आहे हे डॉक्टरांना सांगा.